बालियान घराणें आणि इस्तंबूल शहर

कला रक्तांतूनच उतरते, असें म्हणणारांचा आमच्याकडे तोटा नाहीं. त्यांनीं एकवार इस्तंबूलकडे पाहावें. बालियान हें तेथील आर्मेनियन ख्रिस्ती वास्तुकारांचें घराणें. क्रिकोर बालियान यानें १८२६ सालीं नुसरेतिये मशीद पुरी केली. त्याचा पुत्र गाराबेत यानें १८४३ ते १८५६ या काळांत बॉस्फरसच्या कांठीं २८५ खोल्यांचा दोल्माबाहचे राजवाडा उभारला. पाण्यालगतची ओर्ताकॉय मशीद गाराबेत व त्याचा मुलगा निकोगोस यांच्या हातची. करणारे ख्रिस्ती, काम मशिदीचें, आणि धनी खुद्द खलीफा! सुलतानानें कारागिराचा धर्म नव्हे, हात पाहिला.

परंतु हें सारें रक्ताचेंच देणें काय? गाराबेतास तसें वाटलें नाहीं. घरची विद्या पुरेशी न मानतां त्यानें निकोगोस व सार्किस या मुलांस शिक्षणासाठीं पॅरिसला धाडलें. आमच्याकडे मात्र घरची खुबी बाहेर जाऊं नये व बाहेरची घरांत येऊं नये, यांतच पुष्कळांस प्रतिष्ठा वाटते.

आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. या वैभवाचा जमाखर्च गोड नव्हता. लढाया आणि राजवाडे दोन्ही चालूं होते. १८५४ पासून परदेशी कर्जें सुरू झालीं आणि १८७५ सालीं ठरलेलें व्याज पुरतें देणेंही सरकारास जमेना. पुढें अब्दुल हमीदाच्या कारकीर्दींत सार्किसवरील मर्जी फिरली, आणि बेलरबेयी राजवाड्याच्या या कर्त्यास कित्येक वर्षें पॅरिसमध्यें काढावीं लागलीं.