आधी पुरा, मग शोधा
इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ साली एरिक लॉज मेटल डिटेक्टर घेऊन शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि हाती लागली रोमन काळातली सुमारे १५ हजार नाणी. असं घबाड एखाद्याचंच. बाकीच्यांच्या नशिबी गंजके खिळे आणि बाटल्यांची बुचं. म्हणून या छंदात मुरलेले लोक परसातच सरावाचा वाफा करतात. आधी यंत्र फिरवून जुनं लोखंड उपसून टाकायचं. मग हातभर अंतर राखून ५, १०, १५ सेंटिमीटर खोलीवर नाणी पुरायची. काही आडवी, काही कडेवर उभी. एका नाण्याला चिकटून मुद्दाम खिळा ठेवायचा आणि सगळ्याची नोंद कागदावर करायची. उभ्या नाण्याचा आवाज बारीक येतो. खिळ्याशेजारचं तर पुष्कळदा मुकंच राहतं. यंत्राची खालची चकती, म्हणजे कॉइल, सावकाश, जमिनीलगत फिरवली की तेही किंचित किणकिणतं. आपल्याकडे मात्र हौस परसापुरतीच बरी: १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.