पुरावा दाखवा, नाहीतर व्यासपीठ सोडा
नाशिकच्या इतिहासावर जाहीर बोलणाऱ्यांना हा इशारा आहे. गप्प बसणाऱ्या अभ्यासकांना तर त्याहून कडक.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेला कलेक्टर जॅक्सन नाटकाला आला आणि अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. एवढं सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढे मात्र ज्याच्या तोंडाला येईल ते खपतंय. एका व्यासपीठावर जॅक्सन नुसता राक्षस, दुसऱ्यावर संस्कृतप्रेमी बिचारा पंडित. जॅक्सन संस्कृत जाणत होता, कोकणातल्या लोकसमजुतींची माहिती त्याने जमवली होती, हे खरं. कविता छापल्या म्हणून जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या राजवटीचा तो या जिल्ह्यातला मुख्य अधिकारी होता, हेही खरं. यातलं एक झाकणारा कान्हेऱ्यांचाही मान राखत नाही.

आणि सगळा वाद जॅक्सनपाशीच का अडतो? १८५७ मध्ये सिन्नरच्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली, लेफ्टनंट हेन्री तिथे पडला. त्याच धामधुमीत पेठचे भगवंतराव फासावर चढले. त्यांच्याबद्दलचं बरंचसं लिखाण साहेबाच्या कचेरीतलं, १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरसारखं. तो कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्यात भिल्ल-कोळ्यांचं म्हणणं कुठे गाळलं, हे सांगणं इतिहासकाराचं काम आहे. वक्त्याला ते जमणार नाही, पुढाऱ्याला ते नकोच आहे.

कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्यांनो, चौकात धडधडीत खोटं बोललं जातं तेव्हा ‘वादात कशाला पडा’ म्हणून तुम्ही दार लावून घेता. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, त्याची धास्ती आम्हाला कळते. पण तुमच्या गप्प बसण्यानेच दांडगाई करणाऱ्यांचं फावलं आहे.

म्हणून येत्या २१ डिसेंबरपर्यंत मुदत देत आहोत. स्मृतिदिनाच्या पत्रकात, फलकावर, भाषणात जो दावा कराल त्याचा आधार त्याच पत्रकात छापा: कोणता दस्तऐवज, कोणत्या दप्तरखान्यात, कोणतं पान. आधार नसेल तर आम्ही भर सभेत उठून तो मागू आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. प्रत्येक सभेचं निमंत्रण इतिहासाच्या प्राध्यापकांना लेखी जाईल. जे येणार नाहीत त्यांचा नकार सभेच्या दारावर लावला जाईल.

जो अभ्यासक पुढे येईल त्याच्या अंगावर कोणी धावून गेलं, त्याला फोनवरून धमकावलं, तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दाखल होईल. फिर्यादीखाली आमच्या सह्या असतील. ती मागे घेतली जाणार नाही, मग मध्यस्थीला कोणीही येवो.