रिमोटचा ट्रक शोकेसमध्ये नको, मातीत हवा



आपल्या वस्तीत कितीतरी घरांत टीव्हीशेजारी रिमोटचा ट्रक मांडलेला दिसतो. मोठाली चाकं, झगझगीत रंग आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशातून आणलेला. "मातीत नेलास तर बिघडेल," एवढंच त्या पोराने ऐकलेलं असतं. बिघडतो हे खरं. पण कशाने बिघडतो हे कळलं, तर पिशवी काढून टाकता येते.

पहिला शत्रू माती नव्हे, केस! घरात गळालेले केस, शिलाईचा दोरा, गोधडीचे धागे चाकामागच्या दांड्याला गुंडाळत जातात. दांडा आवळला की मोटरवर ताण येतो, ती तापते आणि सेल लवकर उतरतो. आपण मात्र "चायनाचा माल" म्हणून मोकळे होतो. आठवड्यातून एकदा ट्रक उलटा करून चाकांमागे पाहावं, धागे चिमट्याने ओढावेत. कापायची वेळ आली तर ब्लेड मोठ्या माणसाने धरावं.

रेतीचं काम वेगळं. आतल्या गिअरचे दात बहुधा प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांना ग्रीस लावलेलं असतं. त्या ग्रीसमध्ये बारीक रेती मिसळली की ते पॉलिश पेपरसारखं दात घासत राहतं. ट्रक घरघर करू लागतो. म्हणून आवाज आला की खोबरेल तेल सोडायचं, ही आपली सवय वाईट. तेलावर धूळ आणखी चिकटते. जुनं ग्रीस फडक्याने पुसून काढावं आणि नवं अगदी बोटाच्या टोकाएवढं लावावं. रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच नको. रबर-प्लॅस्टिक खराब होतं आणि आगीची भीती वेगळीच.

मोटरच्या पोटात लोहचुंबक असतं. वेल्डिंगच्या किंवा लेथच्या दुकानासमोर ट्रक पळवला तर जमिनीवरचा लोखंडी कीस ते ओढून घेतं. ती जागा टाळावी.

आता बंदोबस्त. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा घ्या. ट्रकचा वरचा सांगाडा काढून मोटर आणि तारांच्या भागावर तो ताणून बसवा, फिरणाऱ्या भागापासून दूर. खडे अडतात, वारा खेळतो. मोटर चिकटपट्टीने गच्च बंद करू नये, तिला वारा लागतो. चार्जिंगच्या भोकावर मात्र खेळताना पट्टी लावावी.

साफ करताना आधी बटण बंद, मग सेल बाहेर. जुना टूथब्रश कोरडाच फिरवावा आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी आत जाते. स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर ट्रकचं चित्र काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो ठेवावा, म्हणजे शेवटी एक उरला असं होत नाही.

हे काम मुलांनाच करू द्या, वडिलांनी शेजारी बसावं. आणि मुलगी असेल तर स्क्रू ड्रायव्हर तिच्याही हातात द्या. "तू आपली कंदिलाची वात बघ" हे दिवस गेले. 1942 साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांना विज्ञान-तंत्राच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांना शिकाऊ म्हणून घ्यावं, असंही त्यात होतं. ज्या कामासाठी त्यांना सरकारदरबारी मागणी करावी लागली, ते हत्यार घरात असून आपण पोरांच्या हाताबाहेर का ठेवावं?

पावसाळ्यात ट्रक डबक्यात गेलाच, तर तो चालवून पाहू नये. सेल काढावा, ट्रक उभा-आडवा करून पाणी निथळू द्यावं आणि एक दिवस पंख्याखाली ठेवावा. चुलीजवळ किंवा तव्यावर वाळवू नये. सेल फुगलेला दिसला तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका, खेळण्याच्या दुकानातून नवा घ्या.