मोठा चोणक सोडून द्यावा

मोठा चोणक गळास लागला, की पकडणाऱ्याचे कौतुक होते. ह्या कौतुकाचा आपण फेरविचार करावा, असे मला वाटते.

कोकणातील जिताडा तोच आपल्या गोमंतकाचा चोणक. तो बहुधा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, मादी बनतो. म्हणजे फार मोठा चोणक ही प्रायः माताच असते. ती नदीमुखाशी खाऱ्या पाण्यात लक्षावधी अंडी घालते. पिले भरतीबरोबर खाडीत व खाजणांत शिरून वाढतात.

लहान मासा सोडावा, हे सर्वांस पटते. मोठाही सोडावा, हे पटत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात, काही जलाशय वगळता, ५८ सेंटिमीटरांहून लहान व १२० सेंटिमीटरांहून मोठा चोणक ठेवता येत नाही. हा नियम निसर्गाच्या हिशेबास धरून आहे.

ज्यांचे पोट मासळीवर चालते, त्यांनी हाती आलेले का सोडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून माझी विनंती केवळ हौसेने गळ टाकणाऱ्यांस आहे. एका छायाचित्रासाठी खाडीची पुढली पिढी खर्ची घालणे, हा पुरुषार्थ नव्हे.