ठरावाला हात वर करण्याआधी

नोव्हेंबर संपत आला होता. जालना जिल्ह्यातल्या एका गावात बांधावरून चाललो होतो, तेव्हा शेततळ्यात पाणी पडल्याचा धो धो आवाज आला. आभाळ निरभ्र, ओढा कोरडा. जवळ जाऊन बघितलं तर तीन इंची पाइपातून विहिरीचं पाणी तळ्यात पडत होतं. तळ्याचा मालक भला माणूस, त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "भाऊ, विहिरीला पाणी आहे तोवर वर काढून ठेवायचं. उन्हाळ्यात मोसंबीला लागतं. मी नाही काढलं तर शेजारचा काढील."

ते तळं सरकारी अनुदानातून झालेलं होतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवावं, एवढ्याचसाठी ते मंजूर झालं होतं. कागदपत्रं पूर्ण होती, अक्षांश-रेखांशासह फोटोही अपलोड झाला होता. फोटोत पाणी दिसतं, ते कुठून आलं हे दिसत नाही.

थोडा हिशेब करू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार धरला तर, वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. भरल्या तळ्याचा पृष्ठभाग नऊशे चौरस मीटर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे रोज सहा हजार लिटरच्या वर. नोव्हेंबर ते मे एवढा काळ धरला तर तीन मीटरातलं साधारण एक मीटर पाणी कोणत्याही झाडाच्या मुळाशी न जाता हवेत जातं. हेच पाणी खडकात राहिलं असतं तर त्याला ऊन लागलं नसतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींनाही ते पुरलं असतं. प्लॅस्टिकचं अस्तर असल्यामुळे तळ्यातून ते परत जमिनीत मुरण्याचीही सोय नाही. म्हणजे सगळ्या गावाचं पाणी एकाच्या आवारात येऊन पडलं, आणि त्याला पैसा लागला तोही सगळ्यांच्या करातला.

म्हणून मंडळी, सार्वजनिक पैशातून शेतीची कुठलीही योजना गावात आली की ठरावाला हात वर करण्याआधी थोडं थांबा. योजनेला विरोध करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या पैशाची गरज आहे. पण पैसा येताना काही अटी घेऊन येतो. त्या अटी तुमच्या भल्याच्या आहेत आणि तुम्ही विचारल्याशिवाय त्या कोणी पाळणार नाही.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचंच बघा. लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'पोकरा'. 2018 साली जागतिक बँकेनं त्यासाठी 42 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि पाच हजारांवर गावं त्यात आली. असं कर्ज देताना पर्यावरण आणि समाज यांना काय धोका पोहोचू शकतो, तो कसा टाळायचा, याचा आराखडा आधी करावा लागतो. पोकरात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरलं, त्यासाठी आयआयटी मुंबईच्या मंडळींनी मदत केली. गावोगाव ग्राम कृषी संजीवनी समित्या झाल्या, शेतीशाळा भरल्या. कागदावर हे उत्तम आहे आणि काही गावांत प्रत्यक्षातही चांगलं झालं. पण समितीत आपलं नाव आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, अशी माणसंही मला भेटली आहेत. जिथे समिती फक्त सहीपुरती आहे, तिथे ताळेबंद फाइलीत राहतो आणि पंप विहिरीवर चालत राहतो.

पहिली गोष्ट मागायची ती हा ताळेबंदच. यंदा किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागेल आणि माणसा-जनावरांसाठी किती राखायचं. हिवरे बाजार या गावानं वर्षानुवर्षं हेच केलं. पावसाळा संपला की पोपटराव पवारांच्या या गावात ग्रामसभा बसते, पाणी मोजते आणि मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे त्या गावानं स्वतःच ठरवलं. अटल भूजल योजनेत आपलं गाव घेतलेलं असेल तर असा जलसुरक्षा आराखडा तुमच्याकडे असायलाच हवा. ग्रामपंचायतीत जाऊन तो बघा, मराठीत आहे का तेही बघा.

दुसरी गोष्ट खडकाची. महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये जे काही पाणी राहतं तेच आपलं. ही तिजोरी उथळ आहे. त्यामुळे नाला खोलीकरणाचं यंत्र गावात आलं की विचारायचं, किती खोल जाणार? मुरमाचा थर कापून कठीण खडकापर्यंत गेलं तर आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी पाझरून नाल्यात उतरतं. पहिल्या वर्षी नाला तुडुंब दिसतो, सगळे खूश होतात. पाणी अडवण्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,633 कोटी रुपये खर्च झाले, आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2020 च्या अहवालात आहे. त्यावर राजकारण भरपूर झालं. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: पाणी अडवलं, पण उपशाला आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना लगाम घातला नाही, तर अडवलेलं पुरत नाही.

ही सगळी तपासणी वरचं कोणी करेल, अशा भरवशावर राहू नका. मोठ्या धरणाला पर्यावरण मंजुरी लागते, जनसुनावणी होते. पण 2,000 हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राच्या सिंचन प्रकल्पाला ती लागतच नाही. एक शेततळं, एक बंधारा, एक विहीर यांचा तर प्रश्नच येत नाही. एका शिवारात अशी सत्तर-ऐंशी कामं झाली की त्यांचा एकत्र परिणाम धरणाइतका होतो, पण तो तपासायला अधिकारी येत नाही. ते काम ग्रामसभेचं आहे.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत कायदाही तुमच्या बाजूनं आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. अनुदानाच्या विहिरीची जागा दाखवायला आले की टेप घेऊन जा. आपलं पाणलोट क्षेत्र अतिशोषित वर्गात आहे का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

मात्र एकच नियम सगळीकडे लावू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, विहिरीचा काही उपयोग नाही. तिथे पावसाच्या पाण्यानं भरलेलं शेततळं म्हणजे वरदान. जालन्यात जी वस्तू शेजाऱ्याची विहीर आटवते, तीच तिथे पिकाला तारते. म्हणून प्रश्न नेहमी हाच: हे तळं भरणार कशानं?

शेततळ्याबद्दल आणखी एक. अस्तराचं प्लॅस्टिक ओलं झालं की काचेसारखं गुळगुळीत होतं. हरीण, कुत्रं, वासरू आणि कधी पोटचं पोर, आत घसरलं की वर येता येत नाही. तारेचं कुंपण आणि चारी बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले दोर, एवढं तरी झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर पंचांनी सही करू नये. मी हे हात जोडून सांगतो. आणि काही वर्षांनी ते प्लॅस्टिक फाटेल, तेव्हा ते कुठे जाणार, हेही पुरवठादाराकडून आधीच लिहून घ्या. बांधाच्या कोपऱ्यात जाळू नका.

पाण्याचं झालं, आता फवारणी. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो दवाखान्यात होते. कपाशी उंच वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, तोंडाला फार तर रुमाल. जागतिक बँकेच्या पैशातून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतल्या सर्वांत घातक वर्गांतली कीटकनाशकं घेता येत नाहीत. म्हणजे पोकरासारख्या प्रकल्पाच्या प्रात्यक्षिकात औषधाचं वाटप झालं, तर डब्यावरचा त्रिकोण बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. शेतीशाळेत कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क शिकवले का, हे विचारा. मजुराला हातमोजे, मास्क कोण देणार, हेही. शेतीशाळेला शेतमालक येतो. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणारा मजूर मात्र त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात असतो. त्याला बोलवा, त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नका.

ग्रामसभेत हे विचारताना अवघड जातं, मला माहीत आहे. सरपंच ओळखीचे, तळं मागणारा भावकीतला, कृषी सहायक रोजच्या उठण्याबसण्यातला. "तुम्हाला आमचं चांगलं बघवत नाही" असं ऐकावं लागतं. मीही ऐकलं आहे. एकट्यानं उठू नका. पाणी भरणाऱ्या बायांना, भूमिहीनांना सोबत घेऊन जा. मार्चमध्ये हंडा घेऊन टँकरपुढे उभं राहावं लागतं ते त्यांनाच, आणि लाभार्थ्यांच्या यादीत क्वचितच असतात त्याच. प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

सुरुवात कुठून करायची, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा. एक दोर, खाली दगड, हातभर अंतरावर गाठी. सकाळी पंप सुरू होण्याआधी दोर सोडायचा, पाण्याला टेकेपर्यंतच्या गाठी मोजायच्या आणि आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगानं लिहायचा. शाळेतली पोरं हौसेनं करतील. पुढच्या वेळी योजना घेऊन कोणी आलं की सभा त्या भिंतीसमोर बसवा.