गुणपत्रक आणि पैसेवारी

दहावीचा निकाल लागला की गावोगाव एकच प्रश्न कानी येतो : "पोराला किती टक्के पडले?" आकडा मोठा असल्यास पेढे वाटावयाचे व लहान असल्यास पोराने तोंड लपवावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. ह्या गुणांची फिकीर आईबापांनी किती करावी, ह्याविषयी आमचे दोन शब्द.

महसूल खात्यात असता आम्ही पिकांच्या पैसेवारीचे तक्ते पुष्कळ लिहिले. जुनी मंडळी तिला अजून आणेवारीच म्हणतात. निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापावयाचे, तोलावयाचे, व त्यावरून गावाच्या पिकाचे मान ठरवावयाचे. पैसेवारी ५० च्या आत आली म्हणून जमिनीस कोणी नापीक म्हणत नाही. पाऊस कोठे चुकला, बियाणे कसे निघाले, खुरपणी वेळेवर झाली काय, ह्याचा शोध शेतकरी घेतो. गुणपत्रक ही त्या सालची पैसेवारी होय. जमिनीचा कस तीत लिहिलेला नसतो.

तथापि गुणांस किंमतच नाही, असे म्हणणेही खोटे होईल. अकरावीचा व कृषी पदविकेचा प्रवेश गुणानुक्रमेच मिळतो. म्हणून नुसते टक्के न पाहता विषयवार गुण वाचावे. गणितात १०० पैकी २० गुण शाळा अंतर्गत देते, ८० लेखी असतात. अंतर्गत १८ व लेखीत अवघे २० मिळालेला मुलगा ३८ गुणांनी पास होतो, पण त्याचे गणित कच्चेच राहते. लेखीत काय पडले, हे शाळेत जाऊन विचारावे.

आमच्याच घरची गोष्ट. धाकट्यास गणितात २७ पडले, तेव्हा आम्ही महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. पुढे शिक्षकांकडून कळले की, कच्चेपणा सातवीपासूनचा होता. त्या चार वर्षांत आम्ही शाळेची पायरी एकदाही चढलो नव्हतो. नापास कोण झाले, ह्याचा आम्हांस तेव्हा उलगडा झाला.

सुगीत पंधरा दिवस पोरास शाळेतून काढून कामास जुंपावयाचे आणि निकालाच्या दिवशी टक्के मागावयाचे, हे न पेरता कापणीस जाण्यासारखे आहे. त्यातही मुलास गुण कमी पडले तर शिकवणी लावतात आणि मुलीस कमी पडले तर स्थळ पाहू लागतात. हा अन्याय आमच्या घरांतून गेला पाहिजे.

एखादे साल बुडाले म्हणून शेत पडीक टाकीत नाहीत. नापासांसाठी २०१५ पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा घेतली जाते. दोन विषय राहिले तरी अकरावीचे दार उघडे असते. तेव्हा बंधूंनो, फिकीर वर्षभर करावी. निकालाच्या दिवशी मात्र पोरास आधी जेवावयास वाढावे, गुणपत्रक मागाहून पाहावे.