डाव सोडण्यापूर्वी

बुद्धिबळाची स्पर्धा पहिल्यांदाच पाहणाऱ्या पालकांना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. राजावर मात झालेली नसते, पटावर मोहरे उभे असतात, तरी एक खेळाडू समोरच्याचा हात हाती घेतो आणि उठतो. यालाच डाव सोडणे म्हणतात. नियमाप्रमाणे डाव तिथेच संपतो.

मुरलेले खेळाडू डाव का सोडतात? एक हत्ती कमी आहे, बदल्यात हाती काही नाही आणि समोरचाही तितकाच जाणता आहे, तर शेवट दोघांनाही दिसत असतो. मग डोके पुढच्या डावासाठी ताजे ठेवलेले बरे. यात कमीपणा मुळीच नाही.

परंतु घाई घात करते. १९०२ साली मॉन्टे कार्लो येथे गेओर्ग मार्को हा पोपिएलविरुद्ध खेळत होता. आपला अडकलेला उंट आता जाणार, असे समजून त्याने डाव सोडला. तोच उंट पांढऱ्या राजाच्या शेजारच्या घरात नेला असता, तर वजिरावर हल्ला आणि मातीची धमकी एकदमच झाली असती. जिंकलेला डाव त्याने हातचा घालवला!

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हने डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा दुसरा डाव ४५व्या खेळीनंतर सोडला. वजिराने पुन्हा पुन्हा शह देऊन बरोबरी साधता आली असती, असे जाणकारांनी नंतर म्हटले. एवढी वाट यंत्राने मोकळी सोडली असेल, असे त्याला वाटले नाही. पुढे तो सामनाही अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी हरला.

आमच्या वस्तीतली मुले शिकवणीवाल्या, मोठ्या मानांकनाच्या मुलांसमोर बसतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की समोरच्याचे नाव ऐकून डाव सोडू नका. आधी पट पाहा. शह देता येतो का? काही मारता येते का? आपल्या राजाला शह नाही आणि हलवायला एकही नियमशीर खेळी नाही, अशी स्थिती आली तर डाव बरोबरीत सुटतो. ती वाट उरली आहे का?

नवशिक्याने तर मात होईपर्यंत खेळावे. समोरचे मूलही चुकते. नाही चुकले, तरी मात कशी करतात हे फुकटात शिकायला मिळते. पालकांनीही घरी आल्यावर निकालाआधी विचारावे, "शेवटची खेळी कोणती होती?"